ओट्यावरचे गुरू: जनावरं-पाखरांकडून शिकायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

जनावराकडून काही कळतं, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. कावळा ओरडला की पाहुणा येणार, मांजर आडवी गेली की दोन पावलं थांबायचं, पाल चुकचुकली की बोललेलं खरं. टिटवीनं अंडी उंचावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी खान्देशात अजून भेटतात. अडचण एवढीच की या सगळ्यात जनावर निरोप्या ठरतं आणि निरोप कायम आपल्याच नावाचा असतो. टिटवी बिचारी अंड्यांपायी जीव तोडून ओरडत असते, आणि आपण घरात कोण आजारी आहे ते आठवत बसतो.

इथं सांगतोय ती वाट दुसरी आहे, पण नवी नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, पाणी, चंद्र, सूर्य यांच्या जोडीला त्यात कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी, कुंभारमाशी असे जीव आहेत. संत एकनाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली, तेव्हापासून हे गुरू मराठी घरात पोथीतून वाचले जातात. नीट वाचलं तर दिसतं, की यातला एकही जीव अवधूताला काही सांगायला आलेला नाही. ते आपापलं जगतात, बहुतेकांना हा माणूस बघतोय याचा पत्ताही नसतो. शिकायचं काम सगळं बघणाऱ्याकडे.

तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रश्नांचा क्रम बदला. ‘हे मला काय सांगतंय?’ हा प्रश्न नंतरचा. ‘याला काय हवंय?’ हा आधीचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अदलाबदलीवर उभ्या आहेत.

एकच जीव धरा, तोही रोजचा

यावलच्या अभयारण्यात किंवा तोरणमाळला जायची गरज नाही. गेलात तर आनंद आहे, पण ती सहल झाली. गुरू रोज दिसला पाहिजे. जळगावात कॉलनीत राहत असाल तर गेटवरचा कुत्रा, कावळा, खार, भिंतीवरची पाल. गावात असाल तर गोठ्यातला बैल, शेजारची शेळी, उकिरड्यावरची कोंबडी. केळीच्या पट्ट्यात कोळी तर पानापानावर मिळेल.

नवख्यांना माझा सल्ला: कावळा किंवा गल्लीतला कुत्रा घ्या. दोघंही माणसाला भीत नाहीत आणि दिवसभर काही ना काही करत असतात. घरचं लाडाचं मांजर नको, कारण त्याच्याबद्दल आपलं मत आधीच पक्कं झालेलं असतं. बगळाही नको. तो पाटाच्या कडेला अर्धा तास एका पायावर उभा राहतो आणि तोवर आपण मोबाइल काढतो. भारद्वाज सगळ्यांनाच हवा असतो, दिसला की दिवस चांगला जातो म्हणून. म्हणूनच सुरुवातीला तो टाळा.

हल्ली मोबाइलवर ‘तुमचा आत्मिक प्राणी कोणता?’ अशी प्रश्नावली फिरते. तिच्यात कुणाचा वाघ निघतो, कुणाचा गरुड, कुणाचा लांडगा. गाढव निघालेला माणूस मी अजून पाहिला नाही. या नादाचं उत्तर आपल्या मातीतच आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. हे योगिराज ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले ते वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन, अशी कथा आहे. समोरून भावंडं आली ती भिंतीवर बसून. वाघ जवळ असून चांगदेवांना त्याच्याकडून काही मिळालं नव्हतं. त्यांच्यासाठी तो फक्त मिरवायचा होता. शेवटी त्यांनी गुरू केली ती लहानग्या मुक्ताईला. तेव्हा रुबाबदार जनावर शोधू नका.

बसायचं कधी, कसं

पहाटे उजाडताना किंवा दिवेलागणीच्या आधी, पंधरा मिनिटं. जागा ठरलेली ठेवा: ओटा, गच्ची, बांध, बसस्टँडचं बाकडं, काहीही चालेल. वैशाखात सकाळी दहानंतर बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पाखरं चोच उघडी टाकून सावलीत धापा टाकत असतात आणि आपलंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

पहिला आठवडा खायला काहीही टाकू नका. हे ऐकायला रुक्ष वाटेल. पण भाकरी टाकली की जनावर आपल्याकडे बघू लागतं आणि मग त्याचं नेहमीचं जगणं दिसतच नाही. पाणी चालेल, पाण्याचं पुढे बोलू. फोटो काढू नका. नामस्मरण करायची सवय असेल तर खुशाल करा, पण डोळे उघडे ठेवून.

दोन रकान्यांची वही

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक गाळतात तीही हीच. शाळेची शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. डावा रकाना तिथल्या तिथे भरायचा, उजवा संध्याकाळपर्यंत कोरा ठेवायचा.

डाव्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, तेवढंच. ‘कुत्रा उदास होता’ हे तिथं बसत नाही. ‘कुत्रा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता, रिक्षा गेली तरी कान हलला नाही’ हे बसतं. कावळ्याचं एक पान असं असू शकतं: वाळक्या भाकरीचा तुकडा त्यानं पाण्याच्या परळात टाकला. काठावर बसून राहिला. दुसरा कावळा आला तेव्हा पंख किंचित पसरून मध्ये उभा राहिला. मग तुकडा उचलला, दाबून पाहिला, परत पाण्यात टाकला. दुसऱ्या खेपेला मऊ झालेला घेऊन उडाला. यानंतर संध्याकाळी उजव्या रकान्यात तुम्ही काय लिहाल ते तुमचं. कुणी लिहील, ‘मी दुकानाच्या कागदपत्रांची घाई करतोय.’ कुणी लिहील, ‘आईला समजावताना मी वाळकी भाकरीच पुढं करतो.’ दोन्ही चालेल, कारण दोन्हींच्या डावीकडे खरोखर घडलेलं काहीतरी आहे.

डाव्या रकान्यात थापा मारल्या की काय होतं, त्याची गोष्ट आपल्याच भागात घडली आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८७३ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आलं आणि १८८४ नंतर कुणा अभ्यासकाला सापडेना. मधल्या काळात रिचर्ड मायनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं संग्रहालयातून लांबवलेल्या एका जुन्या नमुन्याला नवी चिठ्ठी लावली: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलत्या ठिकाणी शोधत राहिले. ती खोटी ठरल्यावर जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे जाऊन अमेरिकी पक्षीअभ्यासकांना हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये दिसला, तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. ११३ वर्षांनी! गंमत म्हणजे हे घुबड दिवसाही हिंडतं. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहू नका.

उलटा प्रकार कुंभारमाशीचा. पोथीत ती ध्यानाची गुरू आहे. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं सतत तिचंच चिंतन करते आणि शेवटी तिच्यासारखी होऊन बाहेर पडते. तुम्ही देवळीत किंवा खिडकीच्या चौकटीत तिचं मातीचं घर महिनाभर पाहिलंत तर वेगळं दिसेल. ती एकामागून एक हिरव्या अळ्या आणते, त्या डंखानं लुळ्या पडलेल्या असतात. आत तिनं अंडं घातलेलं असतं, त्यातून निघालेलं पिल्लू या अळ्या खातं आणि मोठं होऊन माती फोडून बाहेर येतं. अळीची कुंभारमाशी झालेली नसते. मग पोथी खोटी का? माझ्या मते भांडायची गरज नाही. मन ज्यात गुंतेल तसं होतं, ही शिकवण माणसाच्या अनुभवावर उभी आहे. अळीच्या साक्षीवाचून ती अडत नाही. ‘दिसलं’ मध्ये लुळी अळी लिहा, ‘वाटलं’ मध्ये चिंतन लिहा. मधली रेघ त्यासाठीच मारली आहे.

याला काय हवंय?

आठवडाभर बघून झालं की आता देण्याकडे वळा. संतकथा आठवा. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. रामेश्वराला न्यायच्या गंगेच्या कावडीतलं पाणी नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. दोघांनीही जनावराला विचारलं नाही की तुझ्या भेटीचा अर्थ काय. हवं ते दिलं, आणि अर्थ त्यातच आला.

आपल्याकडे पहिलं देणं पाण्याचं. मातीचं पसरट परळ घ्या, खोल नको, पाखरू बुडतं. आत एक दगड ठेवा, म्हणजे मधमाश्यांनाही बसता येईल. सावलीत ठेवा, रोज घासून धुवा, नाहीतर डास आणि रोग दोन्ही वाढतात. फाल्गुनात सुरू केलंत तर मृगापर्यंत बंद करू नका. मध्येच गावाला जायचं असेल तर शेजारच्या ताईंना सांगून जा, कारण पाखरं त्या पाण्यावर विसंबलेली असतात.

खाण्याचं जपून. कुत्र्याला बिस्किटांचे पुडे नकोत, भाकरी-वरण बरं. गाईला नैवेद्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ती पिशवीसकट खाते. आणि पोळ्याला बैलाच्या पुढ्यात पुरणपोळ्यांची चळत ओतण्याचं कौतुक थांबवा. गूळ, पीठ, धान्य एकदम पोटात गेलं की रवंथ बंद पडतो, पोट फुगतं, आणि सणाच्या दिवशी डॉक्टर शोधत फिरावं लागतं. घासभर पोळी मानाची, बाकी हिरवा चारा.

प्रश्न कोणता न्यायचा

‘नोकरी लागेल का, मुलीचं जमेल का’ असले प्रश्न ओट्यावर घेऊन बसू नका. त्यांची उत्तरं कुत्र्याकडे नाहीत. ‘मी असा का वागतोय’ या जातीचे प्रश्न न्या. राग, हाव, हट्ट, भीती, एकटेपण यांचे प्रश्न जनावराजवळ सुटायला लागतात, कारण तिथं आपली बाजू मांडता येत नाही.

अवधूताची कुरर नावाच्या शिकारी पक्ष्याची गोष्ट याला चांगली. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर इतर पक्षी त्याच्यामागे लागले. तुकडा सोडला आणि तो सुखी झाला. हे तुम्हाला बाजाराच्या दिवशी मटण-मासळीच्या दुकानांवर घिरट्या घालणाऱ्या घारींत दिसेल. तुकडा पडल्याक्षणी पाठलाग करणारी सगळी त्या तुकड्यामागे जातात, ज्यानं टाकला त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टकचेरी चालली असेल, तर तासभर हे बघून या. बांध सोडाच असं मी म्हणत नाही. कधीकधी बांध धरूनच ठेवावा लागतो. पण आपल्यामागे लागलेत ते आपल्या मागे आहेत की तुकड्याच्या, एवढं तरी समजतं.

पैसा, लग्न, औषधपाणी यांतला कोणताही निर्णय त्या दिवशीच्या पानावरून घ्यायचा नाही. पान घरच्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा, दोन रात्री जाऊ द्या.

शकुन आडवा आला तर

येणारच. लहानपणापासून मुरलेलं आहे, ते वही घेतली म्हणून जात नाही. त्याला हसू नका आणि घाबरूही नका. डाव्या रकान्यात लिहा आणि कारण शोधा. रात्री टिटवी ओरडली? तिचं घरटं उघड्या जमिनीवर असतं, तिथून कोणी माणूस, कुत्रा, मुंगूस गेलं असेल. पाल चुकचुकली? ती दुसऱ्या पालीशी बोलते, आपल्या वाक्याला साक्ष देत नाही. मांजर आडवी गेली तर थांबायला हरकत नाही. घाईत निघालेल्या माणसाला दोन मिनिटांचा थांबा कधी वाईट नसतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून आपण पितरांना जेवू घालतो, पितृपक्षात पान ठेवून कावळ्याची वाट बघतो. कावळा शिवेना की घरात काय राहिलं, कुणाची इच्छा अपुरी, याची बोलणी सुरू होतात. ती बोलणी होऊ द्या. वर्षभर न निघालेले विषय त्या अर्ध्या तासात निघतात, आणि मला तरी त्यात कावळ्याइतकंच पुण्य दिसतं.

मात्र जनावर पैसा आणतं असं सांगणारा भेटला की तिथून उठा. मांडुळानं गुप्तधन मिळतं, घुबडानं लक्ष्मी येते, कासव ठेवलं की धंदा वाढतो, हे सगळे फसवणुकीचे धंदे आहेत. यातले बहुतेक जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे पैसे तर जातातच, वर गुन्हाही दाखल होतो. पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढून घेणंही यातच आलं. नागपंचमीला टोपलीतल्या नागाला दूध पाजणाऱ्यालाही पैसे देऊ नका. साप दूध पचवू शकत नाही. उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तोंड लावतो.

ज्यांचा दिवस ढोरांत जातो, त्यांना विचारा

आपण पंधरा मिनिटं बघतो. गुराखी, शेळ्या राखणाऱ्या आजीबाई, साक्रीकडचे मेंढ्या घेऊन हिंडणारे ठेलारी, हे जन्मभर बघत आलेत. त्यांच्याकडे जाताना ‘अध्यात्म’ हा शब्द घरी ठेवा. वयस्कर असतील तर आबा, आप्पा, नाना म्हणा, बाईंना मावशी नाहीतर माय म्हणा, आणि साधा प्रश्न विचारा. ‘आबा, हा बैल आज चारा का खात नाही?’ अहिराणीत उत्तर येतं, ‘त्याना जोडीदार आजारी शे, म्हनीसन.’ आणि माणूस परत दोर वळायला लागतो. एवढ्या उत्तरावर वहीचं पान भरतं. लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. ती माणसं कामात असतात.

जिवाची काळजी, आपल्याही

कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद-चुना लावून बसू नका. साप चावला तर मांत्रिक नको, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. शेतात बिबट्याच्या पाऊलखुणा दिसल्या तर पहाटेचं बसणं बंद, वनखात्याला १९२६ वर कळवा. बिबट्याकडून शिकायचं ते दुरून.

वर्षभराचा क्रम

महिना झाला की जीव बदला. श्रावणात कोळी आणि कुंभारमाशी, कारण पावसाळ्यात दोघांचं घर बांधणं चालू असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचा खांदा स्वतः तूप-हळदीनं चोळा. जुवाचा घट्टा बोटाला लागतो, तो कुठल्याही प्रवचनात कळत नाही. वसुबारसेला गाय-वासरू, त्याच तिथीला डोंगराकडच्या कोकणा समाजात वाघबारस असते, म्हणजे गाय आणि तिला खाणारा अशा दोघांनाही एकाच दिवशी हात जोडले जातात. यावर ‘वाटलं’ चा रकाना पुरणार नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याला जा. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि त्याच यात्रेत देशभरातून येणाऱ्या घोड्यांचा बाजार. २४ गुरूंचा वक्ता म्हणून ज्या दत्ताला मानतात, त्याच्या दारात हजारो जिवंत जनावरं, असा योग क्वचितच. सकाळी लवकर पोचा, दर्शन आधी उरकून घ्या, मग बाजारात एकाच घोड्यापाशी थांबा. कान कुठे वळतात, मालक जवळ आला की मानेची कातडी कशी थरथरते, अनोळखी हात पुढे आला की कोणता पाय आधी हलतो, हे लिहा. घोड्याच्या मागे उभे राहू नका, हात लावायचा तर मालकाला विचारून. आणि खरेदी करायची नसेल तर किंमत विचारू नका. तिथं किंमत विचारली म्हणजे बोलणी सुरू झाली, आणि मग चहा प्यावाच लागतो.